एकट्याचा प्रवास आणि रात्री आठचा निरोप

(१ ऑक्टोबर, आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा, वक्त्यांनी स्वतः लिहून दिलेला मजकूर. – संपादक मंडळ)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं होताहेत. या निमित्ताने प्रत्येक ज्येष्ठ सभासदाने आपल्या आयुष्यातला एखादा अनुभव सांगावा अशी कल्पना निघाली आणि माझ्या वाट्याला सायकल आली. ‘बँकेतले अनुभव सांगा’ असं कुणीच म्हणालं नाही, याबद्दल मी आणि तुम्ही दोघांनीही समितीचे आभार मानायला हवेत.

२०१४ सालच्या मार्च महिन्यात मी जोधपूरहून निघून ओसियां, फलोदी, पोकरण, जैसलमेर, बाडमेर आणि परत जोधपूर असा साधारण साडेसहाशे किलोमीटरचा प्रवास सायकलवरून एकट्याने केला. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. त्यातला सगळा प्रवास काही मी सांगत बसणार नाही. त्यातला फक्त एक दिवस सांगतो, पोकरण ते जैसलमेर. अंतर ११० किलोमीटर. तो दिवस कठीण गेला, म्हणूनच तो सांगण्यासारखा आहे. शेवटी माझी आपल्या सोसायटीकडे एक मागणी आहे. ती त्या दिवसातूनच निघालेली आहे, तेव्हा कृपया चहा येईपर्यंत उठू नका.

पहिला प्रश्न मला नेहमी विचारतात तो हा, की एकट्याने का? खरं सांगायचं तर दुसरं कुणी यायला तयार नव्हतं! पण दुसरंही कारण आहे. २०११ साली माझी पत्नी गेली. मुलगी परदेशी. बँकेतून निवृत्त झालो होतो. घरात सकाळी एक कप चहा करायचा तर पातेलं मोठं वाटायचं. सायकल मी शाळेपासून चालवत होतो, ती पुन्हा काढली. आधी खडकवासला, मग कात्रजचा घाट, मग महाबळेश्वर. माणसाला सकाळी उठायला एखादं निमित्त लागतं. मला ते सायकलने दिलं. आणि वाळवंट का, तर चढ नाही म्हणून. गुडघ्यांना विचारून ठरवलं होतं. वाळवंटात चढाऐवजी दुसरं काय असतं ते नंतर कळलं.

थोडी त्या मुलखाची ओळख करून देतो. जैसलमेर जिल्हा क्षेत्रफळाने जवळजवळ केरळ राज्याएवढा आहे. केरळात सव्वातीन कोटींवर माणसं राहतात, जैसलमेर जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ती पावणेसात लाखांच्या आत होती. म्हणजे एका चौरस किलोमीटरला सतरा माणसं. आपल्या एका विंगमध्ये यापेक्षा जास्त आहेत! फलोदीला मी एक रात्र राहिलो. त्याच फलोदीत पुढे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं, ते आपल्या देशातल्या सर्वांत जास्त नोंदींपैकी एक आहे. म्हणून उन्हाळ्यात तिथे सायकल घेऊन जाण्याचा प्रश्नच नाही. फेब्रुवारी संपता संपता किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात जावं. तेव्हा रात्री थंडी आणि दुपारी तेहेतीस-चौतीस अंश असतं. फलोदीजवळच्या खीचन गावात कुरजा पक्ष्यांचे थवेच्या थवे परतीच्या तयारीत असतात, आणि रक्तरोहिड्याची झाडं केशरी फुलांनी भरलेली असतात. वाळवंट म्हणजे नुसती वाळू असं आपल्याला सिनेमाने शिकवलंय. या रस्त्यावर वाळूच्या टेकड्या कमी आणि खडकाळ माळ जास्त. मध्येच खेजडीचं झाड. ही खेजडी म्हणजे आपली शमी बरं का, दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती. तिकडे तिच्या शेंगांची भाजी करतात, पाला शेळ्या-उंटांना घालतात, आणि दुपारी तिच्याखाली बसतात.

सायकल एकवीस गिअरची, स्टीलच्या सांगाड्याची. सामान चौदा किलो. आणि पाणी सहा लिटर, म्हणजे आणखी सहा किलो. पाण्याचा हिशोब मी वहीत ठेवत असे. तुम्ही हसाल, पण अडतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस दुसरं काय करणार? सकाळी आरंभीची शिल्लक लिहायची. प्रत्येक थांब्यावर किती खर्च झालं, किती जमा झालं, ते मांडायचं. वाळवंटात हे फार गरजेचं आहे, कारण तिथे घाम दिसत नाही. पुण्यात किंवा मुंबईत घाम आला की शर्ट चिकटतो, आपल्याला कळतं. तिथली हवा इतकी कोरडी की घाम आला तसाच उडून जातो, शर्टावर फक्त मिठाची पांढरी रेघ राहते. त्यामुळे आपण फार काही गमावलं नाही असं वाटतं आणि तासाला लिटरभर पाणी गेलेलं असतं. तहान लागेल तेव्हा पिऊ, हे तिथे चालत नाही. घड्याळाकडे बघून प्यायचं. त्यातल्या एका बाटलीत साखर-मीठ असायचं. लिटरला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट चमचे. आपल्या घरात जुलाब झाल्यावर देतात तेच.

माझे दोन नियम होते. पहिला असा की पाणी एक लिटरच्या खाली आलं, की जे पहिलं वाहन थांबेल त्यात सायकलसकट बसायचं. तिथे अभिमान वगैरे काही नाही. बँकेत जशी किमान शिल्लक, तसं हे. दुसरा नियम माझा नव्हता. तो आपले तेव्हाचे चिटणीस आणि त्यांच्या सौभाग्यवती यांनी घातला होता. ‘काका, रोज रात्री आठच्या आत आम्हाला निरोप पाहिजे. कुठे आहात, ठीक आहात, एवढंच. आठ वाजले आणि निरोप नाही आला तर आम्ही फोन करणार. फोन नाही लागला तर पुढचं बघणार.’ माझा रोजचा मुक्काम, अंतर आणि वाटेवरची गावं लिहिलेला कागद मी त्यांच्याकडे देऊन गेलो होतो. खरं सांगतो, निघताना मला हे थोडं जाच वाटलं होतं. मनात म्हटलं, आता या वयात हजेरी द्यायची का?

तर आता तो दिवस. पोकरणहून सकाळी साडेसहाला निघालो. त्या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. थंडी इतकी की हातमोजे घातले होते. वारा अजिबात नव्हता. रस्ता म्हणाल तर आपल्याला लाज वाटावी इतका चांगला. तेव्हा तो १५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता. सरहद्दीकडे जाणारा रस्ता, लष्कराची वाहनं सतत असतात, त्यामुळे तो नीट ठेवलेला असतो. ताशी अठराच्या वेगाने चाललो होतो. खेतोलाई गाव लागलं. १९९८ च्या मे महिन्यातल्या अणुचाचण्या याच परिसरात झाल्या. रस्त्यावरून काहीही दिसत नाही. एक चहाची टपरी, चार शेळ्या, शाळेत निघालेली मुलं. मी चहा घेतला आणि पुढे निघालो. साडेनऊला लाठी. चाळीसएक किलोमीटर झाले होते आणि मी मनात जैसलमेरला दुपारचं जेवण ठरवून टाकलं होतं. या लाठीच्या आसपासच्या माळावर माळढोक पक्षी आहे, आपल्या सोलापूरजवळ नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं तोच. त्याला बघायला पाच मिनिटं थांबलो. तो काही दिसला नाही.

दहाच्या सुमारास वारा सुटला. पश्चिमेकडून. आणि पोकरणहून जैसलमेर नेमकं पश्चिमेला आहे, अगदी नाकासमोर.

सायकल न चालवणाऱ्या माणसाला समोरचा वारा म्हणजे काय हे सांगणं अवघड आहे. प्रयत्न करतो. हवेचा अडथळा हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शांत हवेत मी ताशी पंधराने चाललो तर मला पंधराचा वारा लागतो. समोरून वीसचा वारा असेल आणि मला तरीही पंधरानेच जायचं असेल तर मला पस्तीसचा वारा लागणार. पस्तीसचा वर्ग भागिले पंधराचा वर्ग, म्हणजे जवळजवळ साडेपाचपट अडथळा. त्रेसष्ट वर्षांचे पाय साडेपाचपट जोर कुठून आणणार? मग वेग उतरतो. अठराचा नऊ झाला, नऊचा सात. चढ असला तर माथा दिसतो, त्यानंतर उतार येणार हे माहीत असतं. वाऱ्याला माथाही नाही आणि उतारही नाही. घाटात दमलेला माणूस थांबून मागे बघतो आणि म्हणतो, बघा किती वर आलो. माळावर मागे बघितलं तर पुढे जे दिसतं तेच मागे. शिवाय कानात सतत आवाज. दोन तासांनी तो आवाज डोक्याच्या आत येतो.

त्यात पंक्चर. विलायती बाभळीचे काटे वाऱ्याबरोबर रस्त्याच्या कडेला येऊन पडतात. लाठी आणि चांधन गावांच्या मध्ये पहिलं पंक्चर, मागचं चाक. म्हणजे सगळं सामान उतरवा, चाक काढा, ट्यूब बदला, टायरमध्ये बोट फिरवून काटा शोधा, पुन्हा हवा भरा. सवय होती, पंचवीस मिनिटांत झालं. चांधनला पोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. तिथे डाळ आणि रोटी खाल्ली, पाणी पुन्हा सहा लिटर भरून घेतलं. या लाठी-चांधन पट्ट्यात जमिनीखाली गोडं पाणी आहे. वर कोरडा ठणठणीत माळ आणि खाली पाणी, निसर्गाचा हिशोब आपल्याला कळत नाही. दोन वाजेपर्यंत सावलीत पडलो. वारा पडेल असं वाटत होतं. पडला नाही. जैसलमेर अजून अठ्ठेचाळीस किलोमीटर होतं. दोन वाजता निघालो.

पुढच्या तीन तासांचं माझ्या वहीतलं टिपण सांगतो. दोन वाजता शिल्लक सहा लिटर. पावणेतीनला दुसरं पंक्चर, दुसरी आणि शेवटची जादा ट्यूब घातली. सव्वातीनला लक्षात आलं की मागच्या कॅरिअरवर बांधलेली दोन लिटरची बाटली घासून घासून तळाशी चिरली होती आणि रिकामी झाली होती. वहीत लिहिलं, ‘तूट दोन लिटर’. चार वाजता तिसरं पंक्चर. आता ट्यूब नाही, पॅच लावायचा. सोल्यूशन लावून ते वाळेपर्यंत दोन मिनिटं थांबावं लागतं, आणि तेवढ्यात वाऱ्याने त्यावर धूळ बसते. पॅच धरेना. मग सायकल आडवी टाकली, तिच्यावर चादर टाकली आणि त्या चादरीखाली डोकं घालून पॅच लावला. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकवाल्यांना वाटलं असेल, म्हातारा छायाचित्र काढतोय जुन्या काळातल्या कॅमेऱ्याने. त्यातला एक थांबला आणि ‘बैठो, बाबूजी’ म्हणाला. वहीत तेव्हा दोन लिटरच्या वर शिल्लक होती, पॅच धरला होता. त्याला हात जोडून नको म्हटलं.

पाच वाजता चांधनपासून सतरा किलोमीटर झाले होते. तीन तासांत सतरा! अजून एकतीस बाकी. सूर्य समोर, डोळ्यांत. शिल्लक सव्वा लिटर. आपण सगळे इथे ज्येष्ठ आहोत म्हणून स्पष्ट बोलतो. सकाळपासून मला लघवीला लागलं नव्हतं. डोकं दुखत होतं. आणि सर्वांत वाईट लक्षण म्हणजे मला राग यायला लागला होता. वाऱ्यावर, सायकलवर, त्या बाटलीवर. पाणी कमी पडलं की शरीराच्या आधी माणसाचा स्वभाव बिघडतो, हे मी ऐकलं होतं. आता बघत होतो. हिशोब सरळ होता. ताशी सहाच्या वेगाने एकतीस किलोमीटर म्हणजे पाच तास. पावणेसातला सूर्य मावळणार. पुढचे तीन तास अंधारात, ट्रकच्या रस्त्यावर, पाण्याशिवाय. तेव्हा पुढे जायचं नाही. रस्त्याच्या कडेला एका खेजडीखाली सायकल टेकवली आणि बसलो. पाणी लिटरवर आलं की पहिल्या थांबेल त्या वाहनाला हात करायचा, असं ठरवून.

वाहनाच्या आधी मेंढ्या आल्या. त्यांच्यामागे एक माणूस, माझ्याच वयाचा, डोक्याला लाल फेटा, खांद्याला कापडी छागळ. त्याने माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, आणि काही विचारण्याआधी छागळीचं बूच काढलं. मी बाटली पुढे केली. तो म्हणाला, ‘आधी प्या, भरायचं नंतर.’ ओंजळ धरली, त्याने वरून धार सोडली. छागळीतलं पाणी थंडगार असतं, बाहेर ओल झिरपते आणि वाऱ्याने उडते म्हणून. दिवसभर ज्या वाऱ्याला मी शिव्या देत होतो त्यानेच ते पाणी थंड केलं होतं.

बँकेने मला इंदूरला तीन वर्षं ठेवलं होतं, त्यामुळे हिंदी बरी येते. त्यांची बोली मारवाडी मिसळलेली, पण कळत होतं. कुठून आलात, कुठे निघालात, बरोबर कोण? मी म्हटलं, कुणी नाही. त्यांनी मेंढ्यांकडे बघत विचारलं, ‘घरी कोण वाट बघतंय?’ हा प्रश्न मला अवघड गेला. क्षणभर थांबलो. मग म्हटलं, ‘आमच्या इमारतीत शेजारी आहेत. रात्री आठला त्यांना निरोप द्यायचा असतो.’ त्यांनी मान हलवली. ‘मग ठीक. वारा रात्री पडतो. आज निघू नका.’ आणि मेंढ्या वळवल्या. चला म्हणालेच नाहीत, चालायला लागले. मी सायकल ढकलत त्यांच्यामागून गेलो.

रस्त्यापासून अर्ध्या किलोमीटरवर त्यांची ढाणी होती. ढाणी म्हणजे शेतातली वस्ती, आपण वाडी म्हणतो तशी. दोन गोल झोपड्या, एक पक्की खोली, काट्यांचं कुंपण. घरात त्यांची पत्नी, सून, आणि आठवीतला नातू. आणि अंगणाच्या कडेला टांका.

टांका म्हणजे जमिनीखालचं पाण्याचं टाकं. त्याच्याभोवतीची जमीन चोपून, टाक्याकडे उतरती करून ठेवलेली असते. पाऊस पडला की त्या अंगणातलं सगळं पाणी आत जातं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वीस मीटर लांब-रुंद अंगण असेल आणि वर्षाला शंभर मिलिमीटर पाऊस पडला तरी चाळीस हजार लिटर होतात. काही जिरलं, काही उडालं, तरी एका घराचं पिण्याचं पाणी निघतं. पुण्यात याच्या कितीतरी पट पाऊस पडतो आणि आपण मे महिन्यात टँकरवाल्याला फोन करतो, पण तो आजचा विषय नाही.

त्या टांक्यावर लोखंडी झाकण होतं आणि झाकणाला कुलूप. किल्ली आजीबाईंच्या कमरेला. मी ते कुलूप बघितलं आणि माझ्यातला बँकवाला जागा झाला. इथे पाणी म्हणजे लॉकरमधला ऐवज आहे. अशा घरात मी पाणी मागायचं? मी म्हटलं, मला दोन लिटर पुरेल. आजीबाईंनी उत्तर दिलं नाही. कुलूप उघडलं, दोरीने बादली सोडली, वर काढली, दोरीला किती ओल लागली ते बोटाने मोजून बघितलं, आणि अख्खी बादली माझ्यापुढे ठेवली. मोजलंही आणि दिलंही. म्हणजे पाणी किती उरलं हे माहीत असूनच दिलं. हिशोब न ठेवता देणारे लोक मी बँकेत पुष्कळ बघितले आहेत, त्यांचं पुढे काय होतं तेही बघितलं आहे. या बाईचा हिशोब चोख होता, आणि त्यात अनोळखी माणसाचं खातं आधीपासून उघडलेलं होतं.

आता वाजले होते साडेसात, आणि फोनला रेंज नव्हती. रस्त्यावर होती, ढाणीवर नाही. मला आठची आठवण झाली आणि जीव खाली-वर व्हायला लागला. नातवाला सांगितलं. तो म्हणाला, ‘धोऱ्यावर लागते.’ धोरा म्हणजे वाळूची टेकडी. मागेच होती, फार उंच नव्हती, पण माझ्या पायांत गोळे आले होते. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. पोरगा माझा फोन घेऊन माकडासारखा वर गेला आणि हात उंच करून उभा राहिला. मी संदेश लिहून ठेवला होता. ‘जैसलमेरच्या ३१ कि.मी. अलीकडे. ढाणीवर मुक्काम. ठीक आहे.’ तो गेला तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती.

इकडे काय चाललं होतं ते मला परत आल्यावर कळलं. सव्वाआठला चिटणीसांच्या हॉलमध्ये पाच माणसं जमली होती. मी दिलेला कागद टेबलावर होता. एकजण जैसलमेरच्या हॉटेलला फोन लावत होता, दुसरा तिथल्या पोलीस ठाण्याचा नंबर शोधत होता. वहिनींनी देवापुढे दिवा लावला होता. पाचांपैकी दोघांशी माझं पार्किंगवरून वर्षभर बोलणं नव्हतं! त्यातले एक आज इथे पुढच्या रांगेत आहेत. त्यांची गाडी अजूनही वाकडीच उभी असते, आणि मी आता काही म्हणत नाही.

रात्री बाजरीचा जाड सोगरा, केर-सांगरीची भाजी आणि ताक. आपल्या बाजरीच्या भाकरीची मोठी बहीणच म्हणा. नऊला वारा खरंच पडला. सकाळी निघताना मी पैसे काढले तर त्या गृहस्थांनी माझा हात धरून पाकीट पुन्हा खिशात घालायला लावलं. म्हणाले, ‘पुढे कुणी तहानलेला भेटला तर त्याला द्या.’ नातवाला मी माझी सायकलवरची घंटा काढून दिली. ती त्याला कालपासून आवडली होती. मग पहाटेच्या शांत हवेत एकतीस किलोमीटर दोन तासांत झाले, आणि दुरून तो पिवळ्या दगडाचा किल्ला दिसला. पण किल्ल्याबद्दल पुस्तकांत पुष्कळ आहे.

आता माझी मागणी.

गेल्या महिन्यात मी सोसायटीची यादी घेऊन बसलो. आपल्या शहाण्णव सदनिकांपैकी तेरा सदनिकांत एकच माणूस राहतं, आणि तेराही जण पासष्टच्या पुढचे आहेत. त्यात मीही आलो. गेल्या दिवाळीत आपल्यातले एक सभासद रात्री न्हाणीघरात पडले. कामाच्या बाई गावाला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दारातली दुधाची पिशवी आणि वर्तमानपत्र तसंच आहे हे कुणाच्या तरी लक्षात आलं, तेव्हा दार उघडलं. चौदा तास. नाव घेत नाही. ते समोर बसलेत आणि देवाच्या दयेने हसताहेत. पण वाळवंटात, परक्या मुलखात, मला निरोप द्यायला वीस मिनिटं उशीर झाला तर पाच माणसं उठून उभी राहिली होती. आणि इथे, भिंतीला भिंत लागून, चौदा तास.

यात शेजाऱ्यांचा दोष नाही. तशी व्यवस्थाच नव्हती. मला निरोप द्यायचा असतो हे ठरलेलं होतं, म्हणून तो न आलेला कळला. जे ठरलेलं नाही त्याची अनुपस्थिती कळणार कशी?

तेव्हा मी सुचवतो ते असं. एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाने सोसायटीतलं एक घर निवडायचं. रोज रात्री आठच्या आत त्या घरी निरोप द्यायचा. फोनवर, संदेशाने, नाहीतर दारावर टकटक करून, जसं जमेल तसं. ‘ठीक आहे’ एवढे दोन शब्द पुरेत. सव्वाआठला निरोप नसेल तर त्या घराने फोन करायचा. साडेआठला घंटी वाजवायची. आणि आपल्या घराची एक किल्ली बंद पाकिटात घालून, वर सही करून, त्या घरी ठेवायची. किल्ली देण्यात काहींना संकोच वाटेल हे मला माहीत आहे. मलाही वाटला होता. हजेरी वाटली होती. पण त्या आजीबाईंच्या कमरेची किल्ली मी बघितली आहे. कुलूप असू द्या, त्याबद्दल काही म्हणणं नाही. वेळेला ते उघडणारं कुणीतरी असलं पाहिजे, एवढंच.

याला खर्च शून्य, सर्वसाधारण सभेचा ठराव नको, लेखापरीक्षकाची हरकत नाही. मी स्वतः गेली दहा-अकरा वर्षं रोज रात्री आठला खालच्या मजल्यावर निरोप देतो. आता चिटणीस बदलले, ते घर तेच आहे. कधी कधी वहिनी वर निरोप पाठवतात, ‘काका, आज आमटी आहे, खाली या.’ म्हणजे निरोप दोन्ही बाजूंनी चालतो.

मी एकट्याने साडेसहाशे किलोमीटर गेलो असं लोक म्हणतात तेव्हा बरं वाटतं, नाही असं नाही. पण त्या दिवसाची वही माझ्याकडे अजून आहे आणि तिच्यात जमेच्या बाजूला काय काय आहे ते मला ठाऊक आहे. चांधनच्या नळाचं पाणी आहे, एका छागळीचं आहे, एका कुलूपबंद टांक्याचं आहे, आणि पुण्यात टेबलावर कागद पसरून बसलेली पाच माणसं आहेत. खर्चाच्या बाजूला फक्त माझे पाय.

सभागृहाच्या दारापाशी मी एक कोरा कागद आणि पेन ठेवलं आहे. दोन रकाने आहेत. एकात एकट्या राहणाऱ्याचं नाव, दुसऱ्यात निरोप घेणाऱ्या घराचा क्रमांक. पहिली ओळ मी भरली आहे. चहाला जाताना बाकीच्या बारा ओळी भरून जा.

आपल्या सोसायटीला रौप्यमहोत्सवी वर्षाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाला मी अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव वर्षांचा असेन. तेव्हाही रात्री आठला निरोप देईन. नाही आला तर घंटी वाजवा.